गॅलरीतून खाली: ब्युनॉस आयर्स ते मॉन्टेव्हिडिओ, दहा दिवस

शनिवार

कोल्हापूर सोडून किती तास झाले ते मोजायचं मी मुंबईच्या विमानतळावरच थांबवलं. दोन विमानं बदलून ब्युनॉस आयर्सला उतरलो तेव्हा घड्याळ साडेआठ तास मागं घ्यावं लागलं. ऋतू तर सरळ उलटाच. घरून निघताना पहाटे शाल लागत होती, इथं नोव्हेंबर संपताना उन्हाळ्याचं तोंड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीलमोहर फुललेला आणि खाली उभ्या गाड्यांच्या टपांवर जांभळा सडा. आमच्या ह्यांनी परदेशातलं पहिलं वाक्य उच्चारलं, "ही झाडं आपल्याकडं बी हायत की."

"आपल्याकडची इकडूनच आलीत, बाबा," लेक म्हणाली.

लेक नोकरीला आहे नदीपलीकडं, उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओत. आम्हाला न्यायला आठवडाभर रजा टाकून ती इकडं आली होती. सहा दिवस हे शहर बघायचं आणि मग बोटीनं तिच्या घरी, महिनाभर. दुपारी झोपायचं नाही असा तिचा दंडक होता, "झोपलात तर रात्री दोनला उठून चहा मागाल." म्हणून संध्याकाळी डोळे चुरचुरत असताना तिनं आम्हाला रेतिरो स्टेशनवरून लोकलमध्ये बसवलं आणि बेलग्रानोला उतरवलं.

स्टेशनसमोर उतारावर एक जुनी बाग आहे. उतारावर म्हणून तिचं नावच बारांकास, म्हणजे चढउतार. बागेच्या मधोमध लोखंडी खांबांची गोल छत्री, बँडस्टँडसारखी. तिला म्हणतात ग्लोरिएता. तिथं दिवेलागणीला माणसं जमायला लागली. कुणी ऑफिसातून, कुणी भाजीची पिशवी घेऊन. आल्याआल्या पायरीवर बसायचं, कापडी पिशवीतून बूट काढायचे, पायातले पिशवीत घालायचे. देवळाबाहेर चप्पल काढावी तसं, फक्त इथं दुसरी चढवून आत जायचं. तिकीट नाही, दार नाही. एका कोपऱ्यात स्पीकर, आणि अधूनमधून एक टोपी फिरते. ज्याला जमेल त्यानं टाकावं.

टँगो म्हटलं की मला दातांत गुलाब धरलेली बाई डोळ्यासमोर यायची. इथं गुलाब नव्हता. सत्तरीच्या एक बाई होत्या, डोळे मिटून, नातवाच्या वयाच्या पोराच्या गळ्यात हात टाकून इतक्या सावकाश चालत होत्या की मला आधी वाटलं त्यांना धरून नेताहेत. नाच म्हणजे हातवारे हा माझा समज पहिल्या पाच मिनिटांत गेला. हा चालण्याचा नाच आहे. सगळ्या जोड्या एकापाठोपाठ एक गोल फिरतात, घड्याळाच्या उलट. आपली प्रदक्षिणा उजवी, ह्यांची डावी. मधेच कुणी थांबलं तर मागची जोडी जागच्या जागी डोलत राहते, धक्का देत नाही. महाद्वार रोडच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला ह्याचं फार नवल वाटतं.

मग माझी फजिती झाली. समोरच्या खांबाशी एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. नजरानजर झाली. त्यांनी मान किंचित हलवली. आपल्याकडं कुणी मान हलवली की आपणही हलवतो, हसतो. मी तेच केलं. ते सरळ चालत आले आणि माझ्यापुढं हात धरून उभे राहिले. आमचे हे एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं. लेक तोंडावर रुमाल धरून हसत होती.

इथली रीत अशी: नाचायला चला असं तोंडानं विचारायचंच नाही. लांबून नजर, मान हलली तर हो, नजर वळली तर नाही. म्हणजे नकाराची फजिती चारचौघांत होत नाही, ह्या कानाची खबर त्या कानाला नसते. ह्याला काबेसेओ म्हणतात. मी रीतसर होकार देऊन बसले होते. लेकीनं स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. ते गृहस्थ छातीला हात लावून हसले आणि परत खांबाशी गेले. मला मात्र रात्री झोप लागेपर्यंत कानशिलं गरम. राग कशाचा होता ते नीट सांगता येत नाही. फजितीचा होता, की आपण "नको" म्हणालो ह्याचा?

इथं आमच्या गॅलरीचं सांगायला हवं. माझं सासर महाद्वार रोडला. लग्न होऊन आले तेव्हापासून गणपतीची मिरवणूक मी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघितली. घरातल्या सगळ्या बायका तिथं. खाली हलगी, घुमकं, कैताळ वाजायचं, पोरं नाचायची, पुरुष नाचायचे. आम्ही गजाला हात धरून उभ्या. पायाचा अंगठा तेवढा फरशीवर ठेका धरायचा. मंगळागौरीला बंद दारामागं फुगड्या घालून घेरी येईपर्यंत खेळलेली मी, रस्त्यावर कधी एक पाऊल टाकलं नाही. कुणी बंदी घातली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं.

रविवार

सान तेल्मो ही इथली जुनी वस्ती. 1871 मध्ये पिवळ्या तापाची साथ आली, श्रीमंत लोक वाडे सोडून उत्तरेला पळाले आणि त्या वाड्यांच्या खोल्याखोल्यांत बोटीनं आलेले इटालियन, स्पॅनिश मजूर भरले. एका खोलीत एक कुटुंब, मधे चौक, एक नळ. त्याला कोन्वेंतिय्यो म्हणतात. मी लेकीला म्हटलं, चाळ म्हण की सरळ. टँगो असल्याच वस्त्यांतून, बंदराच्या गुत्त्यांतून वर आला. घरंदाज लोक नाकं मुरडायचे, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पॅरिसनं डोक्यावर घेतल्यावर त्याच घरंदाजांच्या दिवाणखान्यात तो शिरला. लावणीचं काय झालं ते आठवा, जास्त सांगायला नको.

देफेन्सा नावाच्या दगडी रस्त्यावर दर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, 1970 पासून. निळ्या-हिरव्या काचेचे सोड्याचे सायफन, चांदीचे चमचे, कुणाच्या तरी आजीचे फोटो. दोरेगो चौकात दुपारी एक जोडी नाचत होती, तिच्या पोशाखाला उभी चीर, त्याच्या डोक्यावर तिरकी हॅट. सुंदर नाचली. नाच झाला, टोपी फिरली, मग पर्यटकांना मिठीत धरून फोटो. मला त्यात वाईट काही वाटलं नाही, पोटाचा उद्योग आहे. पण कालच्या त्या डोळे मिटलेल्या आजींनंतर ते पंगतीआधी दाखवायला मांडलेल्या ताटासारखं वाटलं.

एक म्हातारा फुटपाथवर खुर्ची टाकून बांदोनेऑन वाजवत होता. पेटीची चुलत बहीण म्हणावी अशी, दोन्ही हातांनी ओढायची-दाबायची, सूर मात्र घसा दाटल्यासारखा. हे वाद्य जर्मनीचं, एकोणिसाव्या शतकात बोटीवरून आलं आणि इथलंच झालं. आपली पेटी तरी कुठं आपली? तीही फ्रान्सकडून आली, आणि आता तिच्याशिवाय भजन नाही.

पाचनंतर बाजार आवरायला लागला. ट्रंका मिटल्या, ताडपत्र्या खाली आल्या. आम्ही निघणार, तेवढ्यात रिकाम्या चौकात कुणीतरी दिव्यांची माळ ओढली, स्पीकर लावला आणि जे दिवसभर विकत होते तेच नाचायला लागले. सायफनवाला, आणि सकाळी ह्यांना एक गंजका कंपास गळ्यात मारणारी बाई. दुकानाचा ॲप्रन तसाच. कुणाकडं बघून नाही, कुणी बघावं म्हणून नाही. तीन-चार गाण्यांचा एक गठ्ठा झाला की मधे भलत्याच संगीताचा तुकडा वाजतो. तो वाजला की जोडी सुटते, आभार, आणि परत आपापल्या जागी. त्या गठ्ठ्याला तांदा म्हणतात. एकाच जोडीदाराबरोबर तांद्यांमागून तांदे नाचलात तर लोक समजायचं ते समजतात.

"म्हंजे सगळं नियमात बसवलंय की," हे म्हणाले. "आन् आपल्याला वाटतंय, मनाला आलं की नाचत्यात."

तेच माझ्या डोक्यात घोळत होतं. मनाला येतं, पण मनाला आलेलं पायापर्यंत पोचायला बरीच वाट कुणीतरी आधी झाडून ठेवलेली असते.

सोमवार

कपडे धुतले. जेवणाचं एवढंच सांगते की इथले लोक मांसाला मीठ सोडून काहीही लावत नाहीत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसानं काय करावं? ह्यांनी पिशवीतून कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढली. वेटर वाकून वास घेऊन गेला.

मंगळवार

रात्री नऊला आइस्क्रीम खायला बाहेर पडलो. इथं रात्री नऊ म्हणजे संध्याकाळच. चौकात ढोलाचा आवाज. बघतो तर तीस-चाळीस माणसं, कडेवरच्या लेकरापासून पोट सुटलेल्या काकांपर्यंत, ओळीत उभी राहून उड्या मारत होती. ही मुर्गा, म्हणजे फेब्रुवारीतल्या कार्निव्हलला आपापल्या पेठेचं नाक वर ठेवणारी मंडळी. तेव्हा सॅटिनचे झगझगीत लांब कोट, उंच हॅट, हातमोजे. आत्ता बनियन आणि चड्डी, कारण तालीम आहे. मोठ्या ढोलाच्या डोक्यावर एक झांज बसवलेली, एकाच माणसाच्या दोन हातांत ढोल आणि झांज दोन्ही. नाच म्हणजे आधी अंग ढिलं सोडायचं, खांदे लुळे, आणि मग अचानक लाथ हवेत. तीन उड्या, तीन लाथा.

चौकाच्या कडेला बस थांबली. एक बाई उतरल्या, बहुतेक नर्स, पांढरा कोट हातावर. पर्स झाडाच्या फांदीला अडकवली आणि सरळ तिसऱ्या ओळीत जाऊन लाथ मारली. कुणी "आलीस का" म्हणून बघितलंसुद्धा नाही.

लेकीनं सांगितलं ते ऐकून मात्र ह्यांनी आइस्क्रीम बाजूला ठेवलं. 1976 मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि कार्निव्हलच्या सोमवार-मंगळवारच्या सुट्ट्याच काढून टाकल्या. लोकशाही 1983 मध्ये परत आली, सुट्ट्या मात्र 2011 पर्यंत आल्या नाहीत. टँगोचंही तसंच. 1955 मध्ये लष्करानं सरकार उलथवलं, जमावावर बंधनं आली आणि ज्या क्लबांत हजारो माणसं नाचायची ते ओस पडत गेले. त्या वर्षांत वाढलेल्या पोरांना आईबापांचा नाच येतच नव्हता. लोकशाही आल्यावर म्हाताऱ्यांकडून परत शिकावं लागलं.

सरकारला नाचाची भीती का वाटावी? मला वाटतं, नाचणाऱ्या माणसाला कुठल्या दिशेनं ढकलावं ते कळत नाही.

बुधवार

पाऊस. दिवसभर खिडकी. हे गुडघ्याला बाम लावून झोपले. डावा गुडघा वर्षभर कुरकुरतोय, डॉक्टर बदलायचं म्हणतात आणि हे पुढच्या वर्षी म्हणतात.

गुरुवार

दुपारी साडेतीनला प्लासा दे मायो ह्या चौकात गेलो. ह्याचा नाचाशी संबंध नाही, पण ह्या वहीत हे नाही लिहिलं तर बाकीचं खोटं पडेल. 1977 च्या 30 एप्रिलला चौदा बाया इथं आल्या. प्रत्येकीचं पोर लष्करानं उचललेलं, पत्ता नाही. त्या उभ्या राहिल्या. पोलीस म्हणाले, घोळका करून उभं राहायला बंदी आहे, चालत राहा. तर त्या चालायला लागल्या, मधल्या स्तंभाभोवती. पुढं गुरुवार ठरला, आणि तेव्हापासून दर गुरुवारी चालताहेत. डोक्याला पांढरा रुमाल. सुरुवातीचे रुमाल बाळाच्या लंगोटाच्या कापडाचे होते.

आज ज्या मोजक्या आजी आल्या होत्या त्यांना दोन्ही बाजूंनी धरलेलं. मागं तरुण पोरं. नावं वाचली जात होती आणि प्रत्येक नावाला सगळे मिळून म्हणत होते, प्रेसेंते, हजर. आम्हीही मागं एक फेरी चाललो. मी पदर डोक्यावर घेतला, का ते मला सांगता येणार नाही. हे लंगडत होते, पण थांबले नाहीत.

शुक्रवार

रिओ दे ला प्लाता म्हणजे रुपेरी नदी. नावच. पाणी पावसाळ्यातल्या पंचगंगेसारखं गढूळ, आणि पलीकडचा काठ दिसत नाही. सव्वा तासात कोलोनिया. हे गाव पोर्तुगिजांनी 1680 मध्ये वसवलं. तटबंदी, दगडी फरसबंदी, ठेंगणी घरं. वसईचा किल्ला बघितलेल्याला ओळखीचं वाटावं. तिथून अडीच तास बस, दोन्ही बाजूंना गाईच गाई.

शनिवार

मॉन्टेव्हिडिओ हे देशाच्या राजधानीपेक्षा कुणाच्या तरी आजोळासारखं वाटतं. अख्ख्या देशात पस्तीस लाखांच्या आसपास माणसं, त्यातली तेरा लाख इथं. किनाऱ्यानं वीस किलोमीटरच्या वर रस्ता जातो, त्याला रांब्ला म्हणतात, आणि त्यावर सगळं शहर संध्याकाळी पाय मोकळे करतं. प्रत्येकाच्या काखेत थर्मास. हातात भोपळ्याची वाटी, तिच्यात माते नावाचा कडू पाला, वर गरम पाणी, धातूच्या नळीनं ओढायचं. एकच वाटी, एकच नळी, सगळ्यांनी. आमचे हे एक घोट घेऊन म्हणाले, "काढा हाय." दुसरा घोट मात्र घेतला.

भारतीय माणूस इथं अगदी नवखा नाही. टीसीएसचं केंद्र 2002 पासून आहे. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी लेकीला विचारलं, आईवडील उद्या तांबोर बघायला येणार का? तांबोर म्हणजे ढोल. उद्या काही सण आहे का, मी विचारलं. नाही म्हणाल्या. रविवार आहे.

रविवार

सकाळी बाजार बघितला, तो सांगत बसत नाही. संध्याकाळी सहाला पालेर्मो वस्तीत इस्ला दे फ्लोरेस रस्त्यावर गेलो. जुनी दुमजली घरं, रंग उडालेला, गॅलऱ्यांना लोखंडी नक्षीचे कठडे. रस्ता रिकामा. मला वाटलं फसलो. मग कोपऱ्यावर धूर दिसला.

फुटपाथच्या कडेला रस्त्यावरच जाळ पेटवलेला. खोकी, वर्तमानपत्रं, फळांच्या पेट्यांच्या फळ्या. आणि जाळाभोवती अर्धगोलात उंच पिंपासारखे लाकडी ढोल आडवे टेकवलेले, तोंडं आगीकडं.

ह्यांचा चालण्याचा वेग एकदम वाढला. "अगं, बघ बघ, हलगी शेकायला लागल्यात!"

हे शिवाजी पेठेतले. तालमीच्या पोरांत लहानपण गेलेलं. कुस्तीच्या मैदानाला हलगी वाजवायला जाणाऱ्यांच्या मागं धावत जायचे, आणि ती शेकायचं काम पोरांकडं असायचं. हलगीचं चामडं थंडीनं, दमटपणानं ढिलं पडतं, मग "भद्द" असं वाजतं. जाळावर धरलं की ताणतं आणि "तडम" असा कोरडा आवाज येतो. लांब धरलं तर तापत नाही, जवळ धरलं तर फुटतं. हा सगळा हिशेब हाताला कळतो. चाळीस वर्षांत ह्यांनी हलगीला हात लावलेला मी बघितलेला नाही. आमच्या चौकात आता हलगी येतच नाही, डॉल्बी येते. ट्रॅक्टरवर भिंत रचून येते आणि गॅलरीच्या काचा थडथडतात. पोटात गोळा येतो, पाय काही हलत नाही. त्या आवाजाला माणसाच्या दमाचं माप नाही, म्हणून त्यात माणसाला जागा सापडत नसावी.

जाळाशी एक दाढीवाला तरुण ढोल फिरवत होता. ह्यांनी पुढं होऊन बोटाच्या पेरानं चामड्यावर टकटक केलं, कान लावला आणि कोल्हापुरी मराठीत सांगितलं, "लई जवळ धरू नको, फुटंल." त्या पोरानं ढोल वीतभर मागं घेतला. भाषेची अडचण कुणाला आली नाही.

ह्याला कांदोम्बे म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी इथं जपलेला ताल. ढोल तीन जातींचे. लहान तो चिको, त्याचा एकच ठेका, शेवटपर्यंत हलायचं नाही. मधला रेपीके, तो बोलतो, खोड्या काढतो. मोठा पियानो, खालून जमीन धरणारा. एका हातात काठी, दुसरा हात उघडा, ढोल पट्ट्यानं खांद्याला. 2009 मध्ये युनेस्कोनं टँगो आणि कांदोम्बे दोन्ही वारसा म्हणून यादीत घातले. पण मला जास्त लागलं ते शेजारच्या बार्रिओ सुरचं. तिथं कुआरेइम रस्त्यावर मेदियो मुंदो नावाची चाळ होती. चौकाभोवती खोल्या, वर कपड्यांच्या दोऱ्या, आणि घराघरात ढोल. 1978 मध्ये लष्करी सरकारनं धोकादायक इमारत ठरवून ती रिकामी करवली आणि पाडली. 3 डिसेंबरला तिथं शेवटचे ढोल वाजले. माणसं शहरभर विखुरली, आणि जिथं गेली तिथं ढोल घेऊन गेली. आज हा ताल वस्तीवस्तीत ऐकू येतो. 3 डिसेंबर हा 2006 पासून कायद्यानं कांदोम्बेचा दिवस आहे. येत्या आठवड्यातच आहे.

साताच्या पुढंमागं कुणीतरी ढोलाच्या लाकडी अंगावर काठीनं ठेका दिला. टक टक टक, टक टक. सगळ्यांनी तो उचलला. आणि मग चामड्यावर.

आवाज कानात शिरत नाही, तळपायातून वर येतो. तीसएक ढोल, रस्त्याची पूर्ण रुंदी, आणि पावलं एवढी आखूड की वारीतल्या पावलीची आठवण व्हावी. एकही स्पीकर नाही. पुढं काही बाया नाचत होत्या, रोजच्या कपड्यांत, गुडघे वाकवून, कंबर ढिली. मागं आणि बाजूला सगळी वस्ती. बाबागाडी ढकलणारा बाप, काखेत थर्मास घेतलेल्या आजी, कुत्रा. आजूबाजूच्या घरांतून लोक बाहेर येत होते आणि दार नुसतं ओढून मिसळत होते.

मी फुटपाथवर होते. सवयीनं एका खिडकीचा गज धरून. हे कधीच पुढं गेले होते, गुडघ्यासकट. त्यांचं पांढरं डोकं ढोलांच्या मागल्या रांगेला खेटून हलताना दिसत होतं. लेक म्हणाली, "आई, इथं कोण मान हलवून बोलवत नाही हं. वाट बघू नकोस."

उतरले. फुटपाथ असेल पाचसहा इंच उंच.

पहिली काही पावलं मी नुसती चालले. नाच येत नव्हता, पण चालणंच सरळ राहीना. पियानो वाजला की टाच खाली आपटत होती. कुणीतरी बघत असेल म्हणून मी बाजूला बघितलं, तर बघणारा कुणी नव्हताच. सगळेच चालत होते, मग बघणार कोण? शेजारच्या थर्मासवाल्या आजी माझ्या साडीच्या निऱ्यांकडं बघून हातानंच म्हणाल्या, वर खोच. मी खोचल्या. मग मला जे येतं ते केलं. मंगळागौरीचा पिंगा, जमेल तेवढा, त्या तालात. बसला की हो! थोडा मागंपुढं होत बसला. आजींनी दोन्ही हात पुढं केले आणि इस्ला दे फ्लोरेसच्या मधोमध आमची फुगडी झाली. थर्मास काखेतून पडला नाही, हे त्यांचं कसब.

चारपाच चौक गेल्यावर ढोल थांबले. कातडी ढिली पडली होती. परत जाळ, परत ढोल आडवे. एका दारातून कुणीतरी रिकामी खोकी आणून टाकली, दुसऱ्या दारातून पाण्याच्या बाटल्या. वादकांच्या बोटांना चिकटपट्ट्या, काहींच्या पट्टीखालून रक्त. हे जाळाशी उकिडवे बसले होते. उकिडवं बसायला डॉक्टरांनी मनाई केलेली आहे. मी काही बोलले नाही.

त्या दाढीवाल्या पोरानं ह्यांच्या हातात काठी दिली. ह्यांनी ढोलाच्या लाकडावर हळू वाजवून बघितलं, आधी त्यांचा ठेका, मग आपला. पोरानं भुवया उंचावल्या. परत, म्हणाला. ह्यांनी परत वाजवला. मग रेपीकेवाल्यानं त्यातला तुकडा उचलून उलटा करून परत दिला, आणि दोघं हसायला लागले.

सोमवार

ह्यांचा गुडघा भोपळ्याएवढा. बर्फ, बाम, पाय उशीवर. माझी पोटरी भरली आहे, तेही सांगत नाही. लेक ऑफिसला गेली.

दुपारी मी आणलेल्या मसाल्यांचं, लाडवांचं खोकं रिकामं केलं आणि कचऱ्यात टाकायला निघाले, तर कॉटवरून आवाज आला, "टाकू नको ते."

"कशाला हवंय?"

"रविवारी जाळाला लागंल." मग जरा थांबून, "चपटं करून दारामागं ठेव. आन् लेकीला विचार, हापिसात अजून हायत का."